मोहबोडीचा निळा नकाशा

मोहबोडी नगरपंचायतीच्या भिंतीवर नकाशा चिकटला तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजून गेले होते, आणि चिकटवण्याच्या घाईत संघप्रिया दुर्गेने त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. पाहायला सवड होती कुठे? शहराची विकास योजना प्रसिद्ध झाली, लोकांनी नकाशा पाहून हरकती द्याव्यात, अशी जाहिरात त्या दिवशी सकाळच्या पेपरात आली होती आणि भिंतीवर नकाशाच नव्हता. मुख्याधिकारी साहेबांनी तिच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला, "गडचिरोलीला जा, मोठा प्रिंट काढून आणा, आजच्या आज लागला पाहिजे," एवढं बोलले आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार होता. ज्या गावात भानगड असेल त्याच्या दुसऱ्या गावात ते नेहमी सापडत.

गडचिरोलीचा मशीनवाला म्हणाला होता, "ताई, पिवळी शाई संपून राह्यली. उद्या नागपूरवरून येते. आज काढला तं जरासा फिका येईन."

"येऊ द्या फिका. मले चारची बस पकडाची हाय."

एसटीत सगळा वेळ ती गुंडाळी मांडीवर धरून बसली होती. डोक्यात नकाशा नव्हताच, शुक्रवारची सभा होती. ती कंत्राटी संगणक चालक होती, अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतीवर. शुक्रवारी विषय क्रमांक नऊ म्हणून तिच्या मुदतवाढीचा ठराव यायचा होता, आणि जोवर तो मंजूर होत नाही तोवर तिला जेवण गोड लागणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसात पोचली तर दसरू शिपाई दारातच उभा.

"बाई, गाव कुठी गेलं?"

"कोणतं गाव, दसरूभाऊ?"

"आपलंच. रस्ते हायेत, तलाव हाय. मंधातलं सगळं कोरं."

संघप्रियाने जाऊन पाहिलं. नकाशाच्या मधोमध, जिथे सात हजार माणसं राहतात, तिथे स्वच्छ पांढरा कागद होता. भोवतीची शेतं फिकट निळी. त्यापलीकडचं जंगल गडद निळं, पार चौकटीच्या रेघेपर्यंत. शेजारी तिनेच टाइप केलेली सूची लावलेली होती: पिवळा म्हणजे राहण्याची जागा, निळा म्हणजे वाणिज्य, हिरवा म्हणजे शेती, गडद हिरवा म्हणजे वन. नकाशात पिवळा नव्हता. हिरवाही नव्हता.

"उन्हानं उडाला असंल रंग," ती म्हणाली.

"काल सांजेपासून ऊन कुठी होतं, बाई?"

तेवढ्यात डोमा येऊन टपकला. डोमा जमिनीचे सौदे जुळवून द्यायचा. त्याने सूची वाचली, नकाशा वाचला, पुन्हा सूची वाचली आणि खिशातून मोबाइल काढत पायऱ्या उतरला. अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं, की मोहबोडीची झाडून सारी शेतं वाणिज्य झाली.

पहिला आला लालसू. हातात विळा तसाच.

"बाई, माह्या धानाच्या बांधीत मॉल होऊन राह्यला म्हंते डोमा. खरं हाय का?"

"तसं नाई, दादा. पाहून सांगते मी."

"पाहा, पण लवकर पाहा. लाखोळीचं पीक उभं हाय बांधीत. मी काढू का मॉलवाले काढतीन?"

दुपारपर्यंत असे साठ-सत्तर लोक येऊन गेले. ज्यांची शेतं होती ते खुशीत होते. ज्यांची फक्त घरं होती ते घाबरले होते, कारण घरं नकाशात नव्हतीच. "आमाले काऊन पुसून टाकलं?" असं विचारत एक बाई तर घरपट्टीच्या पावत्यांची पिशवीच घेऊन आली आणि एकेक पावती टेबलावर मांडू लागली. संघप्रियाने सगळ्यांना हरकतीचे कोरे अर्ज दिले. दुसरं देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

दोन वाजता सुकरीबाई मडावी आल्या. वार्ड चौदाच्या नगरसेविका. त्यांची टोली, म्हणजे जंगलाकाठची छोटी वस्ती, चार वर्षांमागे नगरपंचायतीत ओढली गेली होती. तेव्हापासून टोलीला कर लागला होता, नळ लागायचा होता. त्यांच्यामागे चाळीसेक माणसं पायी चालत आली होती. सुकरीबाईंनी सूची वाचली नाही. नकाशापुढे नुसत्या उभ्या राहिल्या.

"एवढं पाणी?" त्या हळूच म्हणाल्या. "धरण येऊन राह्यलं ना बाई? खरं सांग."

"धरण नाई हो, सुकरीबाई."

"मंग निळं कायचं? आमच्या टोलीवर निळं, जंगलावर निळं. गाव कोरं ठेवलं, म्हंजे गाव आधीच उठवलं. आमाले काऊन नाई सांगतलं?"

मागे कोणीतरी रडू लागलं. मॉलवर हसता येत होतं, यावर येत नव्हतं. संघप्रिया पुन्हा नकाशाजवळ गेली, आणि तेव्हा तिला कोपऱ्यातलं बोधचिन्ह दिसलं. नगरपंचायतीच्या बोधचिन्हात पळसाचं पान आहे. ते निळं होतं.

पान बघून तिला गडचिरोलीचा मशीनवाला आठवला. हिरवा रंग म्हणजे निळ्यात पिवळा. पिवळा गेला तर उरतं काय? निळं. आणि नुसता पिवळा गेला तर उरतो कागद.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब अर्थातच दुसऱ्या गावात होते.

"सर, चूक झाली. पिवळी शाई..."

"चूक हा शब्द तोंडातून काढू नका," साहेब म्हणाले. "चूक म्हटलं की योजना मागे, जाहिरात पुन्हा, आणि वरून मला नोटीस. शुद्धिपत्रक लावा. लिहा, निळा रंग हिरवा वाचावा. पांढरा रंग पिवळा वाचावा. संपलं."

शुद्धिपत्रक लागलं. संघप्रियाने जमलेल्या लोकांना ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, धरण नाही हे तीनदा सांगितलं. टोलीची माणसं परतली, पण सुकरीबाईंच्या चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही.

बुधवारी सकाळी नगराध्यक्ष अंकुशभाऊ भोयर स्वतः आले. बाजार चौकात त्यांचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं.

"काहो बाई, माह्या दुकानात आता धान रोवू का?"

"काय झालं, भाऊ?"

"माहं दुकान निळं होतं ना? वाणिज्य? तुमी लिवलं, निळा हिरवा वाचावा. म्हंजे मी शेतकरी झालो!"

संघप्रियाने कपाळाला हात लावला. बाजार चौक खरोखरच निळा होता, शाईने नव्हे, नियमाने. "भाऊ, तुमचं निळं खरं निळं हाय. बाकीचं निळं निळं नाई."

"मंग खऱ्या निळ्याले हिरवं वाचाचं का नाई?"

"नाई."

"आन तलाव?"

तलावही निळाच होता, आणि शुद्धिपत्रकाने त्याची शेती झाली होती. तेवढ्यात तलावावरचे ढीवर लोक दारात दिसलेच. जाळी खांद्यावर, आणि आवाज त्याहून वर. दसरूला वेगळीच शंका पडली होती. "बाई, कागदाची कड बी पांढरी हाय. तेबी पिवळी वाचाची का? तिथी कोन राह्यते?"

शिवाय वन विभागाचं पत्र आलं होतं: राखीव वन कोणत्या आदेशाने वाणिज्य केले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

साहेबांनी फोनवर दुसरं शुद्धिपत्रक सांगितलं. "जो निळा रंग मुळात निळा आहे तो निळाच वाचावा, जो मुळात हिरवा आहे तो हिरवा वाचावा." ते लागल्यावर दुपारी तीन वाजता बाजार चौकातले दोन दुकानदार कोण मुळात निळा यावरून एकमेकांच्या अंगावर धावले आणि पोलीस पाटलांना मध्ये पडावं लागलं.

गुरुवारी संघप्रियाने कोणालाही विचारलं नाही. पहिल्या बसने गडचिरोली गाठली आणि मशीनवाल्याच्या दुकानात स्टूल ओढून बसली. शाई दुपारी आली. नवा नकाशा मशीनमधून इंच इंच बाहेर येत होता, आणि ती सूची हातात धरून एकेक रंग तपासत होती. मशीनवाला म्हणाला, "ताई, एवढं तं मी पोरीचं स्थळबी नाई पाह्यलं."

शुक्रवारची सभा. एरवी सभेला सतरा नगरसेवक असत आणि चहा देणारा दसरू. त्या दिवशी सभागृह भरून जिन्यापर्यंत माणसं उभी होती. टेबलावर चारशे बारा अर्ज होते. साहेबही आज इथेच होते. दोन्ही गावांपैकी यालाच टाळता आलं नव्हतं.

दसरूने नवा नकाशा उलगडला आणि लोकांनी श्वास सोडला. घरं पिवळी. शेतं हिरवी. जंगल जंगलासारखं. तलाव निळा, बाजार निळा. जो तो पुढे येऊन आपलं घर बोटाने शोधू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच गाव आपला नकाशा वाचत होतं, आणि चार दिवसांच्या भांडणाने त्याला तो चांगलाच वाचता येऊ लागला होता. लालसू तेवढा जरा हिरमुसला. "म्हंजे मॉल नाईच," तो म्हणाला.

सुकरीबाई शेवटी पुढे आल्या. टोलीपासून बोट सरकवत निघाल्या. विहीर, मोहाची झाडं, साजाच्या झाडाखालची देवाची जागा. तिथे बोट थांबलं.

"इथी सगळं हिरवं हाय. मंग आमच्या देवाजवळ हे जांभळं काय हाय?"

सगळ्यांनी सूचीकडे पाहिलं. जांभळा, आरक्षण क्रमांक सतरा: घनकचरा प्रकल्प.

म्हणजे अख्ख्या मोहबोडीचा कचरा सुकरीबाईंच्या देवाच्या दारात. अंकुशभाऊंनी घाईने घसा खाकरला.

"हा नकाशाबी बिघडला असंल. काहो संघप्रियाबाई? रंगाचाच लोचा असंल ना?" बोलता बोलता त्यांनी विषयपत्रिका उचलली आणि विषय क्रमांक नऊवर बोट ठेवलं. ते तिलाच दिसावं इतक्या सावकाश ठेवलं.

संघप्रिया उभी राहिली. साहेब वरच्या पंख्याकडे पाहत होते. 'हो' म्हटलं की कचऱ्याचं आरक्षण आज गुपचूप पार पडलं, आणि अकरा महिने पक्के. तिला मंगळवारी मागे कोणीतरी रडलं होतं ते ऐकू आलं. आपण त्या लोकांना धरण नाही, भिऊ नका असं तीनदा सांगितलं होतं, हेही आठवलं.

"नाई, भाऊ," ती म्हणाली. "जांभळ्याले पिवळी शाई लागतच नाई. हा पह्यल्या नकाशातबी जांभळाच होता. निळ्यात दिसला नाई कोणाले, एवढंच."

"धरणाच्या भेवानं आलो," सुकरीबाई म्हणाल्या, "आन कचरा सापडला."

मग जो गोंगाट झाला तो कार्यवृत्तात लिहिण्यासारखा नव्हता. कचरा टोलीजवळ नको यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कुठे, यावर सतरा जणांची सतरा मतं झाली, आणि प्रत्येकाचं मत दुसऱ्याच्या वार्डात होतं. शेवटी साहेब म्हणाले, "कोणाची हरकत नाही अशी एखादी जागा असेल तर तशी शिफारस करू. आलेले अर्ज वाचा."

संघप्रिया वाचू लागली. हरकत, हरकत, हरकत. दोनशे नववा अर्ज हातात घेतला आणि ती थांबली.

"वाच ना बाई," सुकरीबाई म्हणाल्या.

"'उत्तरेकडील रस्त्यालगतची माझी साडेचार एकर जमीन कोणत्याही सार्वजनिक प्रकल्पासाठी घेण्यास माझी हरकत नाही. मोबदला तातडीने मिळावा.' तारीख मंगळवारची."

"सही कोनाची हाय?"

"अंकुश भोयर."

अंकुशभाऊ ताडकन उठले. "ते मी धरणासाठी लिवून देल्लं होतं! सगळे म्हणून राह्यले होते धरण येते, म्हटलं पह्यला नंबर आपला लागला पाह्यजे!"

"अर्जात धरण लिवलं का, भाऊ?" सुकरीबाईंनी विचारलं.

साहेबांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "नाही. 'कोणत्याही सार्वजनिक' असंच आहे. भाषा फार स्पष्ट आहे." दुसऱ्याची चूक कागदावर सापडली की साहेबांचा चेहरा उजळत असे.

सोळा हात वर झाले. शिफारस मंजूर झाली.

विषय नऊला अंकुशभाऊ एवढंच म्हणाले, "मुदतवाढ नको. सारा गोंधळ यायनंच केला."

"हे खरं आहे," साहेब म्हणाले. "पण चारशे बारा अर्जांची सुनावणी व्हायची आहे. काही पहिल्या नकाशावर आहेत, काही पहिल्या शुद्धिपत्रकावर, काही दुसऱ्यावर. कोणता अर्ज कोणत्या निळ्याबद्दल आहे, हे सांगू शकेल असं दुसरं कोणी आहे का?"

अंकुशभाऊंनी विषयपत्रिका उलटी ठेवली. मुदतवाढ अकरा महिन्यांची नव्हे, सुनावणी संपेपर्यंत झाली, आणि ती कधी संपेल हे कोणालाच सांगता येईना.

सोमवारी संघप्रिया आली तर टेबलापुढे लाइन लागलेली. पुढे सुकरीबाई टोलीतल्या दहा-बारा बायकांना घेऊन उभ्या होत्या. नळाची लाइन कोणत्या रंगाची असते, ते त्यांना विचारायचं होतं. त्यांच्यामागे, टोपी डोळ्यांवर ओढून, अंकुशभाऊ.

ते दोन बायकांमधून पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "बाई, माह्याच अर्जावर एक हरकत लिवून देता का?"

"लिहून देते ना, भाऊ," संघप्रियाने कोरा अर्ज समोर ओढला, वर चारशे तेरा क्रमांक टाकला आणि मान वर केली. "पण लाइनीत या."

सुकरीबाईंनी बाजूला सरून त्यांना मागची जागा दाखवली.