मुलाणीमामांचा रिकामा रकाना

‘इतर’ हा शब्द मुलाणीमामांना शिवीसारखा लागायचा.

मामा आमच्या शिरूरच्या दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क होते आणि मी कंपाउंडर. सरकारची रोगांची छापील यादी असे. प्रत्येक पेशंट आपापल्या रोगाच्या रकान्यात मांडायचा आणि महिनाअखेर तक्ता वर पाठवायचा. कुठंच न बसणारा शेवटच्या रकान्यात, ‘इतर’मध्ये. मला तो रकाना फार सोयीचा वाटे. मामा खेकसायचे, “इतर म्हंजी कोन? घरी कोन कोन हाय इचारलं तर ‘मी आन् इतर’ सांगतूस व्हय?” केंदूरच्या एका म्हाताऱ्याच्या खाजेचा रकाना ठरेना, तेव्हा त्यांनी अख्ख्या दवाखान्याचा तक्ता तीन दिवस अडवून धरला होता.

दर महिन्याला त्यांचं वरच्या कचेरीला एक पत्र जाई. जन्मापासून ज्यांची हाडं वाढत नाहीत, त्यांना वेगळा रकाना द्यावा. उत्तरही ठरलेलं, ‘इतरमध्ये दाखवावे.’ चहाच्या वेळी मी ते पत्र मामांच्या आवाजात वाचून दाखवायचो. सगळे पोट धरून हसायचे. मामाही ऐकत असणार, पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी त्यांची मुलगी नूरी डबा घेऊन यायची. वय बावीस, हातपाय आखूड, उंची मामांच्या टेबलाएवढी. डॉक्टरांनी कितीदा सांगूनही मामांनी तिची नोंद केली नव्हती. “माझी पोर इतर न्हाई. रकाना येऊ द्या, पयलं नाव तिचं.”

त्या थंडीत नूरी न्यूमोनियानं गेली. एका मृत्यूला एकच कारण, असा नियम. मामांनी स्वतःच्या हातानं तिला न्यूमोनियात मांडलं.

दोन महिन्यांनी नवे तक्ते आले. त्यात छापलं होतं, ‘हाडांचे जन्मजात विकार’. मी मूर्खासारखा धावत गेलो. “मामा, आला बघा तुमचा रकाना!”

मामांनी चष्मा पुसला. रजिस्टरातली महिन्याच्या सगळ्या पेशंटची नावं बोट फिरवत तपासली.

“या म्हैन्यात कोन न्हाई,” ते म्हणाले.

मला राहवेना. “नूरीचं मांडा की मामा. कोण बघतंय?”

“तिची नोंद झालीया. एका मानसाला दोन जागी कसं मांडू?”

आणि त्या कोऱ्या रकान्यात त्यांनी सावकाश शून्य लिहिलं.