सगळ्यात मागचा स्पीकर

सोनाळ्यात कपाशीच्या बोंडांतून कापूस कमी आणि अळ्या जास्त निघाल्या, तेव्हा पीकपाहणी अधिकारी मार्तंडरावांनी तातडीने एक भाषण रेकॉर्ड केले. बियाण्याच्या पाकिटावर अळीपासून संरक्षण छापलेले होते. अळीला वाचता येत नव्हते. आता धीर देणे भाग होते, आणि धीर चोहोबाजूंनी यावा असे साहेबांचे मत होते. म्हणून बाजाराच्या मैदानात वायफायवरचे चार स्पीकर. समोरून साहेब, डावीकडून पाखरे, उजवीकडून पाटाचे पाणी आणि मागून टाळ्या. टाळ्यांसाठी गावावर विसंबून राहण्याइतके साहेब भोळे नव्हते.

काम आसिफ मंडपवाल्याकडे आले. त्याची स्वतःची कपाशीही शेतात वाळून उभी होती. ती उपटून हरभरा पेरायचा, पण पंचनाम्याआधी उपटली तर नुकसानीचा पुरावाच गेला.

"जमिनीतली ओल चालली," त्याची बायको ताहेरा म्हणाली. "साहेबाले तुम्ही विचारता का मी विचारू?"

"आधी आवाज तं जुळू दे."

गाव मैदानात जमले तरी आवाज जुळला नाही. मागच्या स्पीकरपर्यंत वायफाय रखडत पोचत होते, त्यामुळे टाळ्या उशिरा येऊ लागल्या.

"आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," समोरून साहेबांचा आवाज म्हणाला. मैदान गप्प.

"अळीने तुमचं उभं पीक खाल्लं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काही घरांत चूलही पेटली नाही."

या वेळी शिट्ट्याही होत्या.

"कोन वाजवून राह्यलं बे?" म्हातारा कारभारी मागे वळला. त्याच्याबरोबर सगळे मैदान वळले. मागे भिंत आणि तिच्या सावलीत बकऱ्या. साहेबांच्या वाट्याला पाठी आल्या.

साहेब आसिफच्या कानाशी लागले. "अहो, त्या मागच्याला पुढे आणा."

"तो पुढे येत नाही साहेब. बाकीच्यायले थांबवा लागते. सगळ्यात मागचा तयार झाला की सगळे एकदम."

"मग थांबवा."

आसिफने मोबाइलवर बाकीचे तिघे थांबवले आणि भाषण पुन्हा लावले. आता पाखरे वेळेवर किलबिलली, कोरड्या मैदानात पाणी खळाळले, टाळ्या आश्वासनावर नेमक्या पडल्या. कारभारीने त्या ओघात स्वतःही दोन वाजवल्या आणि मग हात मांडीखाली घेतले.

ताहेरा उभी राहिली. "साहेब, पंचनामा कधी?"

"उद्याच. सोनाळा पहिलं गाव आहे, बाई."

ती बसली. घरी जाऊन विळा-कुदळ काढायची, एवढेच आता तिच्या डोक्यात होते.

जीपकडे जाता जाता साहेबांनी आसिफच्या खांद्यावर हात ठेवला. "ती मघाची युक्ती पुन्हा सांगा बरं." आसिफने हौसेने सांगितली, मोबाइलवर दाखवलीही. साहेब ऐकत राहिले, मग त्यांनी कचेरीत फोन लावला.

"पंचनामे असे मागेपुढे नकोत. ओरड त्यामुळेच होते. डोंगरातल्या शेवटच्या गावाचा वाहून गेलेला रस्ता दुरुस्त झाला, की सगळीकडे एकदम. तोवर सोनाळा थांबवा."

जीप गेली. फोनवरचे बोलणे ऐकून ताहेरा जवळ आली.

"पहिलं गाव म्हणे, अन् आता शेवटच्यासाठी थांबा म्हणे. हे असलं साहेबाले कोन शिकवते हो?"

आसिफने नीट गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.