सोळावा हिस्सा

लखनौच्या विकास नगरात आमच्या समोरच्या घराच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी असत, पण तोंडं उलट दिशांना. एकीवर पेंडसेकाका, घराकडे बघत. दुसरीवर सुमनकाकू, रस्त्याकडे बघत. संध्याकाळचा चहा दोघं असाच घेत. शेजारी नव्याने आलेल्या मिश्राभाभींनी पहिल्याच आठवड्यात माझ्या आईला हळूच विचारलं, "इन दोनों में बोलचाल बंद है क्या?"

तसलं काही नव्हतं. काका मूळचे वाईचे, इथल्या एका कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते माणूस म्हणजे डायपोल, एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण. दोन डायपोल शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवले की एकमेकांना ढकलतात. उलटसुलट ठेवले की ओढतात. "अच्छा, मला सांग, एका सोफ्यावर बसून टीव्ही बघणारी जोडपी घंटेभरात भांडतात की नाही?" असं ते मला विचारायचे. आणि तेवढ्याच अंतरावर एकामागे एक ठेवले तर ओढ दुप्पट, म्हणून काकूंना ते गंजच्या बाजारात नेहमी स्कूटरवरूनच नेत. काकूंचं म्हणणं, गाडी घ्यायला नको म्हणून काढलेलं हे शास्त्र आहे.

गणपतीत आमच्याकडे मराठी मंडळी जमायची, तेव्हा काका अर्धा तास आधी येऊन खुर्च्या फिरवून ठेवत. बाबा कपाळाला हात लावत आणि काका गेले की पुन्हा सरळ करत.

त्यांचं दुसरं वेड अंतराचं. "अंतर दुप्पट, ओढ सोळावा हिस्सा." कुणाचा मुलगा बंगळुरूला निघाला की स्टेशनवर हे ऐकवायचे. आईबाप डोळे पुसत असायचे आणि हे भागाकार करत असायचे. फार जवळ मात्र हे सूत्र चालत नाही, तिथे प्रत्येक टोकाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो आणि तो भलता किचकट असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायचे.

मग त्यांच्या मुलीला पुण्यात जुळं झालं आणि काकू मदतीला गेल्या. महिन्याभरासाठी गेलेल्या काकू तिकडेच अडकल्या. मुलगी म्हणू लागली, बाबा, तुम्हीही आता कायमचे इकडे या. काकांनी साफ सांगितलं, लखनौ सोडणार नाही. काकूंशिवाय राहण्याचं काय, इतक्या लांबून ओढ शून्यातच जमा, असं मला गणितासकट पटवून दिलं.

त्या थंडीत मी त्यांना रोज बघत होते. दोन्ही खुर्च्या अजून बाहेर यायच्या. काका घराकडे तोंड करून बसायचे, मधेच मान वळवून काहीतरी सांगायला जायचे आणि गप्प व्हायचे. मला फार वाईट वाटायचं. एकदा न राहवून मी जाऊन काकूंच्या खुर्चीत बसले.

"सूत्र बरोबर आहे गं," काका म्हणाले, "मलाच ते लागू पडत नाही."

होळीच्या आधी ते पुण्याला गेले. स्कूटर मिश्राभाभींच्या दिरांनी नेली. समोरचं घर बंद आहे, पण चहाच्या वेळी तिकडे बघायची माझी सवय काही जात नाही. त्या दोघांची आठवण सोळाव्या हिश्श्यावर यायला तयार नाही.

परवा फोन केला. तिथली गॅलरी म्हणे इतकीशी आहे की दोन खुर्च्या अगदी चिकटवूनच ठेवाव्या लागतात. "एवढ्या जवळ आपलं सूत्र चालत नाही," काका म्हणाले. मागे काकू कुणाला तरी जोजवत होत्या.

मग हिशेब कसा करता, मी विचारलं.

"सोडून दिला," काका म्हणाले.