आठवडाभराचे ढग

वारज्याच्या सुप्रभा सोसायटीच्या बागेत निरीक्षणाच्या वहीत लिहिली असेल तशीच हवा असते. कुंपणाबाहेर काय असायचं ते असो, आत वही म्हणेल ते. एकदा कुणीतरी हौसेने भर मे महिन्यात 'गारा' असं लिहिलं, मग घाबरून खोडलं, तर निम्म्या गारा हवेतच अडकल्या. दोन दिवस लोक वाकून वाकून वांग्यांना पाणी घालत होते. तेव्हापासून वहीत खाडाखोड बंद. बाकी तक्रार कुणाचीच नाही.

यंदा माघात वहीत रोजची नोंद करायचा, म्हणजे निरीक्षणाचा आठवडा आला गार्गी बेंद्रेकडे. पोरगी हुशार, पण सगळं आधीच उरकून टाकायची भारी घाई. सोमवारी सकाळी तिने लिहिलं, 'ढगाळ, दमट. वारा नाही. आंब्याला मोहोर. एक भारद्वाज. निरीक्षक हजर.' खाली सही. आणि साताऱ्याला मावसबहिणीच्या साखरपुड्याला पळायचं होतं, म्हणून कॉलेजात जर्नल उतरवताना करायची तसं पार रविवारपर्यंत प्रत्येक रकान्यात दोन-दोन रेघोट्या ओढून टाकल्या. म्हणजे वरीलप्रमाणे. सह्याही सगळ्या आगाऊ. शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा राहिला.

गुरुवारी सकाळी ती परत आली. रस्त्यावर लख्ख ऊन आणि बागेवर मात्र ओल्या गोधडीसारखे ढग. गार्गी बागेच्या फाटकाला हात घालते तोच वॉचमन सुदाममामांनी काठी आडवी केली.

"मॅडम, तुम्ही आत आहात."

"मामा, मी आत्ता बसमधून उतरलेय. ही बघा बॅग."

"बॅगेचं खरंय. पण सोमवारपासून तुम्ही आत हजर. एका नावाला दोनदा सोडता येत नाही."

गार्गीने फाटकातून डोकावून पाहिलं. आंब्याखाली ती स्वतःच उभी होती. सोमवारचाच पिवळा कुडता, हातात पेन, मान वर. एक भारद्वाज आला, फांदीवर बसला, गेला.

"रोज येतो बरोब्बर याच वेळेला," मामा म्हणाले. "भारद्वाज दिसला की चांगलं होतं म्हणतात. चार दिवस झाले, अजून काही अनुभव नाही."

तेवढ्यात बागेच्या सेक्रेटरी फणसळकर काकू आतून आल्या. हा आंबा त्यांचा. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कोय लावली होती, मोहोर धरला यंदा पहिल्यांदा. त्यांनी ओंजळ पुढे केली. तिच्यात काळा पडलेला, चिकट मोहोर होता.

"ढगाळ हवेने तुडतुडे पडलेत. रविवारपर्यंत हेच ढग राहिले तर काठ्याच उरतील."

"काकू, सॉरी. मी खोडते ना लगेच."

"खोडायचं नाही."

"काकू, तुमचंच झाड आहे."

"म्हणून खोडायचं? नियम मीच टाइप केलाय."

गार्गीने फाटकातून आत बोट दाखवलं. "मग तिला तरी सांगा ना, बाहेर ये म्हणून."

"सांगितलं. 'वरीलप्रमाणे' म्हणाली. चहा विचारला, तरी 'वरीलप्रमाणे'. सोमवारी तू खाऊन आली होतीस का?"

"नाही. उशीर झाला होता."

"मग ती चार दिवस उपाशी आहे," काकू म्हणाल्या आणि मामांच्या केबिनमधून वही घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले नियम वाचले. शेऱ्यात फक्त एक गोष्ट लिहिता येत होती, 'निरीक्षक रजेवर'. तसं लिहिलं की त्या दिवसाची नोंद रद्द आणि बाहेरची हवा आत.

"पण रजेवर कोण जाणार? मी की ती?"

"सही दोघींची एकच आहे. रजाही दोघींना."

"आणि रजेवर ती जाणार कुठे?"

"रजेवरचं माणूस कुठे जातं गं? घरी."

गार्गीने पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि आई. ही एकदा घरी आली की परत कुठे जाईल, यावर नियमांत काही नव्हतं. काकूंनी तिच्यापुढे धरलेल्या पानाला मोहोराचा काळा चिकटा लागला होता. गार्गीने एका दमात गुरुवार ते रविवार चारही शेरे भरून टाकले.

ढग कुंपणावरून बाहेर सरकले आणि आंब्यावर ऊन पडलं. काकू दोघींपैकी कुणाकडेही न बघता झाडाकडे गेल्या, खालची एक फांदी वाकवून पदराने मोहोर टिपायला लागल्या. "निम्मा तरी वाचेल," त्या झाडालाच म्हणाल्या.

आतली गार्गी पेन कुडत्याला अडकवून फाटकाशी आली. मामांनी काठी बाजूला घेतली. "सुट्टी का मॅडम?"

"रविवारपर्यंत," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये दोघी आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बागेतून आलेलीच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

"माहितेय," गार्गी म्हणाली. "आईसमोर तू बोलू नकोस. मी बघते काय सांगायचं ते."

पण बेल वाजली, आईने दार उघडलं आणि गार्गीला काही सुचेचना. आईने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"दोघी येणार होतात तर आधी फोन करायचा ना," ती म्हणाली. "भात मी एकीचाच लावलाय."