रिलेच्या आवश्यकतेबाबत

एखादी गोष्ट पुरेशी तापल्याशिवाय ती थंड करण्याची व्यवस्था सुरू होता कामा नये, हे सुसंस्कृत प्रशासनाचं पहिलं तत्त्व आहे. सरकारी कार्यालय आणि मोटारीचं इंजिन या दोन्ही ठिकाणी ते कसोशीनं पाळलं जातं. (मोटारीत जरा कमी.)

नौपाड्यातले हरिहरराव कर्णिक अशाच एका कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वरून आलेला आदेश वाचायचा, त्यावर टिक करायची आणि तो खाली पाठवायचा, हे त्यांचं काम. दिवसाला पंचवीस या हिशेबानं चौतीस वर्षांत त्यांनी दोन लाख बारा हजार पाचशे वेळा टिक केली. (सणवार आणि दुखरा अंगठा वगळून.) ते निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्यांचं पदच रद्द झालं आणि आदेश वरून थेट खाली जाऊ लागले. आता कार्यालय बंद पडणार, याची हरिहररावांना खात्री होती. त्याला चार वर्षं होत आली. ती बातमी ते अजून रोज पेपरात शोधतात.

अशा मनःस्थितीत त्यांच्या बारा वर्षं जुन्या गाडीचा कूलिंग फॅन जळाला. ते गाडी घेऊन वर्तकनगरला महिपतकडे गेले. महिपत हा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्यानं नवा फॅन बसवला आणि हात पुसत सांगितलं, "दोनच तारा आहेत, काका. एक बॉडीला, एक चावीवरनं. चावी फिरवली की फॅन चालू. डायरेक्ट करून टाकतो."

'डायरेक्ट' हा महिपतच्या शास्त्राचा मूलमंत्र. हॉर्नचं बटण बिघडलं, डायरेक्ट. वायपर अडला, डायरेक्ट. वर्तकनगरातल्या काही गाड्या त्यानं इतक्या डायरेक्ट करून ठेवल्यात की त्यांच्यात ड्रायव्हर केवळ सोबतीला बसतो.

"आणि हे काय काढून ठेवलंस?" हरिहररावांनी बाकावरच्या काडेपेटीएवढ्या काळ्या डबीकडे बोट दाखवलं.

"रिले."

"तो काय करतो?"

"तो स्वतः काय नाय करत. वर सेन्सर असतो. इंजिन तापलं की सेन्सर ह्याला बारीक करंट देतो. मग हा टिक करतो. मग खाली फॅनला मोठा करंट जातो."

"टिक करतो म्हणजे?"

"टिक म्हणजे टिक. अजून काय करणार तो?"

हरिहरराव स्टुलावर बसले. "आणि काढला तर?"

"काढला तर काय? फॅन फिरतोच की. मधला माणूस गेला."

हरिहररावांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी जुन्या बिलबुकाच्या पाठीमागे रिलेच्या आवश्यकतेबाबत चौदा कलमांचं टिपण लिहिलं. कलम चार: आदेशाविना फिरणारा पंखा ही बेशिस्त होय. कलम नऊ: वरच्याने खालच्याशी परस्पर संधान बांधू नये. कलम चौदा: मधला काही करत नाही असे वाटणे, हेच तो नीट काम करत असल्याचे लक्षण होय.

महिपतनं सगळी कलमं वाचली. "लावतो बाबा रिले. पण तुमच्या सेन्सरचा भरोसा नाय. तो आधी चेक करू द्या."

"वरिष्ठांची तपासणी आपल्या अखत्यारीत येत नाही," हरिहरराव म्हणाले.

महिपतनं रिले जोडला आणि सेन्सरच्या जागी नुसती तार टेकवून दाखवली. टिक. फॅन फिरला. हरिहररावांनी ते अकरा वेळा ऐकलं.

रविवारी मोहने गावात भाचीचा, उर्वीचा, साखरपुडा होता. दुर्गाडी पुलाच्या अलीकडे गाड्या खिळल्या आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागला.

"अहो, काटा लालमध्ये गेला," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शुभदाबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. पुरेसं तापलं की आदेश येईल."

"कुणाचा?"

"सेन्सरचा."

आदेशाऐवजी वाफ आली. हरिहररावांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रिलेपाशी कान नेला. संपूर्ण शांतता होती. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान दिसलं.

"रिलेचा काही दोष नाही गं. त्याला वरून काही आलंच नाही. तो बिचारा तयारीत उभा आहे."

"गाडी उकळतेय."

"ती वेगळी बाब आहे."

शुभदाबाईंनी महिपतला फोन लावला. "काकू, गाडी बंद करा आणि तो काळा डबा उपटा," तो म्हणाला. "खाली चार भोकं दिसतील. जाड तारांच्या दोन भोकांत काहीतरी लोखंडी घाला. ठिणगी उडेल, घाबरू नका."

शुभदाबाईंनी अंबाड्यातली यू-पिन काढली आणि घातली. ठिणगी उडाली. फॅन गरगरू लागला. यू-पिनेनं टिक वगैरे काही केली नाही. अर्ध्या तासात काटा खाली आला. हरिहरराव तोवर रिले तळहातावर घेऊन उभे होते.

साखरपुड्यात कुणीतरी विचारलं, उशीर का झाला? "मध्ये एक जण अडवून उभा होता," शुभदाबाई म्हणाल्या. त्या ट्रॅफिकबद्दल बोलत आहेत असं सगळे धरून चालले.

सोमवारी महिपतनं फॅन डायरेक्ट केला. रिले तो भंगारात टाकणार होता, तेवढ्यात त्यानं काकांचा चेहरा पाहिला. मग त्यानं रिले एकही तार न जोडता पुन्हा जागेवर स्क्रूनं बसवला. "राहू दे, काका. जागा भरल्यासारखी दिसते." हरिहरराव आता दर रविवारी तो फडक्यानं पुसतात. तार नसल्यामुळे तो जळण्याची शक्यता शून्य टक्के आहे. गाडीतला तो सर्वांत भरवशाचा भाग ठरला आहे.

यावर ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी एक सोपी चाचणी करून पाहावी. उद्या कुणालाही न कळवता कामाला दांडी मारावी. काही अडलं तर फोन येईलच. तो चुकू नये म्हणून मोबाईल पूर्ण चार्ज करून रेंजमध्ये बसावं. संध्याकाळपर्यंत वाजला नाही, तर परवाही जाऊ नये. नेटवर्कचा प्रश्न असू शकतो.