इंदूबाईंची खिरापत

इंदूबाईंच्या बालवाडीत शिरायचं तर आधी डबा ओळखावा लागे. झाकण लावलेला पितळी डबा घेऊन त्या दारातच उभ्या असत. आलेल्याच्या कानाशी तो खुळखुळ वाजवत आणि म्हणत, "डोळे ठेव खिशात, अन् सांग आत काय हाय." हा नियम पोरांना होता, पोस्टमनला होता आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी नेमणुकीचं पत्र घेऊन गेले, तर पत्र राहिलं बाजूला, माझ्या कानाशी डबा. मी ऐटीत सांगितलं, शेंगदाणे. आतून तीस पोरं एका सुरात हसली. सीताफळाच्या बिया होत्या. नाकाखाली दोन रेघा वाहत असलेल्या एका चार वर्षांच्या गृहस्थाने मग मला समजावून सांगितलं की शेंगदाणा जाड वाजतो आणि सीताफळाचं बी बारीक वाजतं.

तेव्हा मी बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स करून ताजी ताजी बाहेर पडले होते. नागपूरच्या नंदनवन वस्तीत त्या वेळी घरं कमी आणि मोकळं रान जास्त होतं. त्या रानाच्या कडेला टिनाच्या छपराची एक खोली, ती आमची बालवाडी. इंदूबाई तिथे अकरा वर्षं एकट्या सगळं बघत होत्या. शिक्षण सातवी. कोर्स काहीही नाही. मी आल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं, पण वापरलं कधीच नाही. मी कायमची 'कोर्सवाली' झाले. ह्या बाईंना जरा शास्त्र शिकवावं असा माझा विचार होता. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

डब्याचं मूळ सांगायला हवं. आमच्या नागपूरकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेली खिरापत आणते आणि पोरींनी ती न बघता ओळखायची. ओळखली की वाटायची आणि खायची. इंदूबाईंचं घर बौद्ध. भुलाबाई मांडणं नाही, गाणी नाहीत. पण ओळखण्याचा तो खेळ मात्र त्यांनी बिनदिक्कत उचलला होता. कुणी शेजारीण टोचून बोललीच, तर म्हणत, "देव तुमचा तुमच्यापाशी ठेवा, मले फक्त डबा द्या."

भादव्याची पुनव आली की त्या पाट्या पेटीत घालून कुलूप लावत. कुलूप थेट दिवाळीनंतर उघडायचं. मधल्या काळात आमचा वर्ग रानात. पाऊस गेलेला, ऊन कडक, कमरेएवढं गवत पिकून पिवळं झालेलं. बाई पोरांना त्या गवतातून पळवत आणि मग सगळ्यांना गोल बसवून चड्डीला आणि फ्रॉकला चिकटलेली कुसळं मोजायला लावत. ज्याच्या अंगावर जास्त तो त्या दिवसाचा राजा. आया कुसळं वेचून हैराण व्हायच्या आणि भांडायला यायच्या. पण तीच पोरं पन्नासपर्यंत न चुकता मोजायची, आणि मी पाटीवर शिकवायचे तेव्हा अकराशी अडखळायची. मी गप्प बसले.

गप्प बसले म्हणजे लगेच नाही. आधी माझा तक्ता झाला. कोर्समध्ये मी शरद ऋतूचा मोठा रंगीत तक्ता केला होता. लाल-पिवळी पानं भुरभुर गळताहेत आणि गोबरी पोरं ती टोपलीत भरताहेत, असं चित्र. मी तो भिंतीवर लावला आणि पोरांना म्हटलं, चला, आपणही गळलेली पानं गोळा करू या. इंदूबाईंनी टोपल्या घेतल्या आणि निघाल्या. आश्विनातलं नागपूर ते! कडुलिंब हिरवागार, चिंच हिरवीगार, पिंपळ तर नुसता झळाळत होता. दीड तास आम्ही माना वर करून फिरलो. एका बदामाच्या झाडाखाली एक लाल पान सापडलं, ते पोरं भांडेपर्यंत बकरीनं खाल्लं. परत आल्यावर बाईंनी तक्त्यापुढे उभं राहून अगदी शांतपणे विचारलं, "हे झाड कोणत्या गावचं हाय वं?" त्या रात्री मी तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला.

बाईंनी एकेका पोराला काय काय शिकवलं हे मी बघत गेले आणि माझं तोंड बंद होत गेलं. डोळे मिटून नुसत्या वासावरून कच्चा शिंगाडा आणि उकडलेला शिंगाडा सांगणारी पोरं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. नव्या वेचणीचा कापूस आला की सरकी काढताना ती गोष्टी रचायची, आणि त्या गोष्टी बाई सगळ्या ध्यानात ठेवायच्या. कुणाच्या गोष्टीतली म्हैस कोणत्या रंगाची, हे त्यांना पुढल्या वर्षीही आठवायचं. हे कोणत्या कोर्समध्ये बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

ह्या सगळ्यात एकच पोर डबा ओळखत नव्हती. कमली. चार वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, बोलणं अजिबात नाही. बाप नागपूरबाहेरच्या वाडी गावातल्या गोदामांत हमाली करायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. आई कामावर जायची. घर चालायचं आजीच्या तोंडावर, आणि आजीचं तोंड जबरदस्त. खिरापतीचा महिना नुकताच लागला होता, तेव्हा आजी आली. पोरगी हट्टी आहे, हाक मारली तर वळत नाही, विचारलं तर बोलत नाही, इथे बसून ती काय करून राहिली, त्यापेक्षा घरी राहून लहानग्या भावाला सांभाळेल, असं तिचं म्हणणं. नावच काढून टाका म्हणाली.

इंदूबाईंनी तिला पाणी दिलं आणि सौदा केला. कोजागिरीच्या सकाळी कमलीनं सगळ्यांसमोर डबा ओळखला तर नाव राहील. आजी म्हणाली, अन् नाही ओळखला तर? बाई म्हणाल्या, "तर मी सोता तिचा हात धरून तुमच्या घरी आणून सोडन. पुन्हा मागायले येणार नाही."

मला धडकी भरली. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. त्या दिवसापासून पोरं गेली की त्या कमलीला घेऊन बसत. कानाशी डबा, खुळखुळ. चणे. खुळखुळ. वाळली बोरं. कमली त्यांच्या तोंडाकडे बघून गोड हसायची आणि बस. तीन आठवडे हेच चाललं. एक दिवस मी म्हटलं, बाई, जाऊ द्या, तिची समजच कमी असेल. त्या माझ्यावर अशा भडकल्या की मी दोन दिवस त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

कोजागिरीला आठ दिवस उरले असताना, ऊन चढलं म्हणून आम्ही खोलीत बसलो होतो, तेव्हा फळीवरची पाण्याची बादली पडली. टिनाच्या खोलीत बादली पडली म्हणजे काय आवाज होतो! तीस पोरं किंचाळत उठली. मी हातातला कापूस टाकून भिंतीला लागले. कमलीची पाठ त्या फळीकडे होती. ती सरकी ओळीनं मांडत बसली होती आणि मांडतच राहिली.

बाईंनी ते पाहिलं. त्या हळूच तिच्या मागे गेल्या, टाळी वाजवली, नाव घेतलं, पुन्हा जोरात नाव घेतलं. कमली वळली नाही. मग बाई तिथेच जमिनीवर बसल्या.  शेवटी एवढंच म्हणाल्या, "तीन हप्ते मी तिच्या कानापाशी डबा हलवून राहिली." एक वर्षाचा कोर्स केलेल्या बाईच्याही हे लक्षात आलं नव्हतं, पण तो टोमणा त्यांनी मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर दारात डबा नव्हता, कापूस होता. प्रत्येक पोराच्या दोन्ही कानांत बाई बोळे कोंबत होत्या. माझ्याही कोंबले. स्वतःच्याही. आजपासून कुणीही कानानं ओळखायचं नाही, डबा दोन तळव्यांत धरायचा आणि हातानं ऐकायचं, असा नवा कायदा. अकरा वर्षांचा नियम त्यांनी एका रात्रीत मोडला होता, एका पोरीसाठी. आणि तिला एकटीला वेगळं काढायचं नाही म्हणून तीस पोरांचे कान बंद!

काय तो गोंधळ सांगू. कुणालाच काही ऐकू येईना म्हणून सगळे बोंबलून बोलायला लागले. रस्त्यावरच्या बाया दारात जमल्या. आता ही बाई पुरती वाया गेली, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. आत बाईंनी कमलीच्या तळव्यांत डबा दिला आणि खालून हळूच हलवला. कमलीचं हसू थांबलं. तिनं डबा घट्ट धरला, डोळे मिटले, मग ताडकन उठली आणि चटईवर मांडलेल्या वस्तूंतून शिंगाडा उचलून बाईंपुढे धरला. झाकण काढलं. शिंगाडेच होते. 

पुढचा आठवडाभर कमली वर्गाची राणी होती. बाकीच्यांना तळव्यानं धड काही कळेना, हिला सगळं कळे. पोरं तिच्यापुढे रांग लावून डबे आणायची.

कोजागिरीच्या सकाळी आजी आली ती स्वतःचा डबा घेऊन. तुमच्या डब्याचा भरवसा नाही, तुम्ही तिला आधीच दाखवून ठेवलं असेल, म्हणाली.  चटईवर सगळ्या वस्तू मांडल्या होत्या. आजीनं डबा कमलीच्या हातात दिला. कमलीनं तो हलवला. कपाळावर आठी. उलटा केला, पुन्हा हलवला, छातीशी धरून हलवला. चटईकडे बघितलं. वस्तूंवरून एकदा हात फिरवला आणि काहीच उचललं नाही.  इंदूबाई पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

कमलीनं डबा खाली ठेवला, आजीसमोर गेली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे.

आजीनं झाकण काढलं. डब्यात काही नव्हतं. पोर फसावी म्हणून ती रिकामाच डबा घेऊन आली होती. आम्ही सगळे आजीकडे बघत राहिलो. ती भांडेल असं वाटलं, पण ती मटकन खाली बसली आणि कमलीचे ते दोन्ही हात तिनं आपल्या गालांना लावले. "ऐकत नाही म्हणून मी हिले रोज मारत होती," ती रडत बोलली. "ऐकूच येत नव्हतं लेकराले."

कमलीचं नाव राहिलं. दिवाळीनंतर आम्ही तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, आणि पुढची दोन वर्षं ती आमच्याकडेच होती. त्या सकाळी पोरं नाचत होती, मीही नाचले. नाचल्या नाहीत त्या इंदूबाई. आजीचं ते वाक्य ऐकल्यापासून त्या एका कोपऱ्यात बसून होत्या. पोरं गेल्यावर म्हणाल्या, उद्या वर्ग तू घे, मले सुट्टी पाहिजे. अकरा वर्षांत ह्या बाईनं एकही सुट्टी घेतली नव्हती. मी विचारलं, कुठे जायचंय? काटोलला, म्हणाल्या. लहान भाऊ आहे तिथे, वामन. संत्र्याच्या बाजारात पेट्या भरतो. आठ वर्षांत भेट नाही.

मग त्यांनी खाली बघतच सांगितलं. वामनलाही ऐकू येत नाही. पण तो दहा वर्षांचा होईपर्यंत घरात कुणाला हे कळलंच नव्हतं. तोपर्यंत सगळ्यांनी त्याला हट्टी ठरवला होता. आईबाप शेतावर जात आणि त्याला सांभाळायचं काम इंदूबाईंकडे. हाक मारली आणि आला नाही, की त्या तुराटीनं, तुरीच्या वाळक्या काठीनं, मारायच्या. "रोज मारत होती मी," त्या म्हणाल्या. "नंतर समजलं तं त्याच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. मायबाप होते तंवर जात होती, मंग जाणंच सोडलं. घरात एक असून कमलीचं मले ओळखू आलं नाही."

त्याला जाऊन आता काय सांगणार, त्याला ऐकू तर येत नाही, असं मी मूर्खासारखं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्या गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा मी विचारलं, भेट झाली का? झाली, म्हणाल्या. तो पेट्यांत गवत घालत होता. त्या मागून गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यानं वळून पाह्यलं, मले ओळखलं," त्या म्हणाल्या, "अन् दोन्ही हात डोक्यावर धरले."

 वामन तेव्हा चाळिशी ओलांडलेला माणूस होता.

बाई दिवसभर त्याच्याजवळ पेट्यांत गवत घालत बसल्या होत्या, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी रविवार चुकला नाही. मी काही विचारत नसे. सोमवारी त्यांचा चेहरा बघितला की मला समजायचं.

संक्रांतीच्या आसपासचा एक सोमवार. मी पोरांना ओळीत बसवत होते. इंदूबाई आत आल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काल वामननं हात वर नाही नेले वं." एवढं सांगून त्या पोरांकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचं रडणं थांबेपर्यंत वर्ग मी घेतला.