संशयाचा एडका

पाप कुणाच्याही हातून घडतं. ते रीतसर घडणं मात्र घराण्यावर अवलंबून असतं. यरुशलेममधली बरी घराणी सदर बाबतीत फार दक्ष होती. नकळत पाप घडून मागाहून कळलं, तर मंदिरात शेळी द्यायची. पाप घडलं की नाही हेच कळत नसेल, तर एडका. (संशयाला खात्रीपेक्षा मोठं जनावर लागतं, हे कुठल्याही संसारी माणसाला पटेल.)

साहजिकच शेळी मागे पडली. शेळी म्हणजे चुकीची कबुली. एडका म्हणजे हळव्या मनाचा पुरावा. वरच्या पेठेतला हिल्किया रोज सकाळी एक एडका घेऊन मंदिराची चढण चढे. काल जेवताना काही निषिद्ध पोटात गेलं असेल काय, शब्बाथला, म्हणजे सक्तीच्या विसाव्याच्या दिवशी, हात नकळत कामाला लागला असेल काय, अशा शंका त्याला रात्रभर छळत. लोक कौतुकाने म्हणत, "काय माणूस आहे! एक दिवस म्हणून शंकेवाचून गेला नाही!"

या हिल्कियाच्या मुलाने योएझेरची शेलोमित पसंत केली होती. शेलोमितनेही मुलगा पसंत केला होता, आणि तेव्हापासून ती पाणी आणायला दिवसातून चारदा जात होती. घरात पाणी ठेवायला भांडं उरलं नव्हतं.

योएझेर दगडी भांडी घडवणारा. दगडाला विटाळ होत नाही म्हणून त्याच्या भांड्यांना मागणी होती. पण दिवसभर दगडाशी संगत असल्यामुळे त्यालाही कशाचा विटाळ होत नव्हता. हिल्कियाने बोलणी करताना सौम्यपणे विचारलं, "तुमच्याकडून मंदिरात कधी काही गेलेलं दिसलं नाही?"

"हातून तसं काही झालंच नाही," योएझेर ओशाळून म्हणाला.

"काहीच नाही? निदान शंका?"

"नाही हो."

"बघा बुवा. आमच्याकडे चार लोक विचारतात."

नकळत पाप मुद्दाम करणं अवघड असतं. योएझेरने आठवडाभर प्रयत्न केला. तो शब्बाथच्या दिवशी छिन्नीजवळ बेसावधपणे बसून राहिला; पण बेसावध राहण्याकडे त्याचं इतकं लक्ष होतं, की हात जागचा हलला नाही. शेवटी त्याने बायकोला गाठलं.

"शप्पीरा, ताटात दोन तुकडे वाढ. एक मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा, म्हणजे चालणारा. दुसरा गुरद्याच्या चरबीचा, न चालणारा. कुठला कुठला ते मला सांगू नकोस. मी एक खातो, एक कुत्र्याला टाकतो."

"बरे आहात ना? उन्हात बसू नका म्हणून सांगितलं होतं."

"पोरीसाठी गं!"

शप्पीराने वाढलं. योएझेरने डोळे मिटून एक तुकडा खाल्ला, दुसरा कुत्र्याने खाल्ला. (कुत्र्याला कसलीही शंका आल्याची नोंद नाही.) त्या रात्री योएझेरला आयुष्यात प्रथमच प्रतिष्ठितासारखी झोप लागली नाही.

सकाळी एडका आणि बायको घेऊन तो मंदिराच्या दाराशी उभा राहिला. शेजारच्या रांगेत हिल्किया होता. त्याने ओळखीचं हसू दिलं. याजकाने एडक्याचे कान, डोळे, खूर तपासले. निर्दोष. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "निषिद्ध चरबी खाल्लीत की नाही, हे नक्की माहीत नाही ना?"

"नक्की माहीत नाही," योएझेर छाती काढून म्हणाला.

आसपासच्या बायकांनी शप्पीराकडे पाहिलं. एकीने नाकाला पदर लावला.

"मला माहीत आहे ना!" शप्पीरा कडाडली. "दोन्ही तुकडे शेपटीचेच होते! माझ्या चुलीवर असलं निषिद्ध चढत नाही. आईकडे नाही चढलं, इथेही नाही!"

याजकाने हात आखडता घेतला. खात्री झाली की संशय संपतो, आणि संशय संपला की एडका चरायला सोडावा लागतो. योएझेर निष्पाप असल्याचं सर्वांसमक्ष सिद्ध झालं. लोक हळहळले. एडका तेवढा समाधानाने निघून गेला.

त्याच दुपारी योएझेर हिल्कियाच्या घरी रदबदलीला गेला. हिल्किया मोठ्या मनाचा होता.

"असे खचू नका. एक सांगा, तुमच्या बायकोने खरं सांगितलं, याची खात्री आहे?"

योएझेरने संसाराचा एकंदर आढावा घेतला. "तशी... नाही."

"मग संशय आहे की! उद्या एडका आणा. लग्न पक्कं समजा, व्याहीबुवा."

योएझेरचे डोळे भरून आले. निघताना त्याने आतल्या खोलीत डोकावलं. गालिच्यावर एडके बसले होते. जनावराला ओरखडा उठला तर ते मंदिरात चालत नाही, म्हणून खोली त्यांना दिली होती. मागच्या अंगणात उघड्यावर, पेंढ्याच्या ढिगाला टेकून एक म्हातारा खोकत होता.

"हे कोण?"

"आमचे वडील," हिल्किया म्हणाला. "खोली त्यांचीच होती. रात्री खोकतात, जनावरं बिचकतात. सुनांची पाळी लावलीये, दोन दिवसांआड भाकरी देतात."

"दोन दिवसांआड? नजरचुकीने?"

"छे! नजरचुकीने कसं होईल? मीच ठरवलंय," हिल्किया म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता.

म्हाताऱ्याने योएझेरकडे पाहिलं. योएझेरने एडक्यांकडे पाहिलं.

घरी शेलोमित दारातच उभी होती. "बाबा, काय झालं? माणसं कशी आहेत?"

योएझेर थोडा वेळ हातावरची दगडाची भुकटी झटकत राहिला. मग म्हणाला, "देवमाणसं आहेत गं. सुखात राहशील."

दुसऱ्या दिवशी त्याचा एडका रीतसर स्वीकारला गेला. तो चरबीसाठी होता. जाणूनबुजून केलेल्या पापाला त्या मंदिरात कुठलंच जनावर चालत नसे. वाचकांनी उगीच शेळी शोधू नये.